आपले देव परत कधी येणार?

पोरीनं विचारलं, "आई, आपले देव कुठं आहेत?" आणि मी तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाले, "नदीत."

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. मळवलीला उतरायचं सोडून झोपेत लोणावळ्याला जाऊन पोचलेय, पाहुण्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलंय आणि वर "आवडला का?" असंही विचारलंय. पण त्या एका शब्दाइतका महागात पडलेला मूर्खपणा दुसरा नाही.

गंमत म्हणजे उत्तर खोटं नव्हतं. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा घराघरातले देव, चांदीचे टाक, शेंदूर लावलेले दगड, सगळे पाटीत भरून इंद्रायणीत सोडले. सासूबाई तेव्हा नवी नवरी. हे मला नवऱ्यानं सांगितलेलं, त्याला त्याच्या वडलांनी. सासूबाईंनी स्वतः कधी विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं कशाला? शहाणी तर मीच होते ना घरात!

पंचविशीतली, आठवी पास. रविवारी विहारात वस्तीतल्या बायकांना पुस्तकातलं मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मध्येच थांबून अर्थ सांगायचे. अर्थ कुणी विचारलेला नसायचा. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्या मागच्या भिंतीला टेकून डुलक्या घ्यायच्या आणि मला त्यांची दया यायची. आता मीही डुलक्या घेते, आणि डुलकी घेणाऱ्या बाईला किती ऐकू येतं ते मला पक्कं कळलंय.

पोरगी तेव्हा सहा वर्षांची. आमचं घर आणि शेजाऱ्यांचं घर यांच्यामध्ये एकच भातखाचर होतं. ते गावातले जमीनवाले. त्यांची मुलगी माझ्या पोरीच्या वर्गात. गणपतीच्या दिवसांत पोरगी सकाळपासून तिकडंच असायची, आणि घरी यायची ती तोंडाला गूळखोबरं आणि डोक्यात प्रश्न घेऊन.

"नदीत काय करतात?"

"राहतात."

"कुणी सोडलं?"

"आजोबांनी. सगळ्यांनीच."

"मग परत कधी येणार?"

भाकरी करपत होती. "जा, हात धू आधी," मी म्हणाले.

हीच पोरगी आज लोणावळ्यात नोकरी करते. तिची लेक पाच वर्षांची आहे आणि अशीच प्रश्न विचारत सुटते. ती विचारायला लागली की माझी पोरगी "थांब हं, सांगते" म्हणून न्हाणीघरात शिरते आणि तिथून मला फोन लावते. मी गंभीर आवाज काढून सल्ला देते. कुणी कुणाला सल्ला द्यावा, बघा!

तर, दोन दिवसांनी गौरी-गणपती जायचा दिवस आला. नवरा मळवलीत एका बंगल्याची राखण करायचा. मुंबईचे पाहुणे उतरले होते म्हणून मला भांडी घासायला बोलावलं. पोरीला आत्यांपाशी ठेवून मी गेले. दुपार कलताना परत आले, तर आत्या दारात एकट्या तांदूळ निवडत बसलेल्या.

"पोरगी कुठंय?"

"तुज्यासंगं गेली न्हवं?"

"माझ्यासंगं? मी तुमच्यापाशी ठेवून गेले की!"

"मला म्हनली, परात दी, आईकडं जाते. म्या म्हनलं बंगल्यावर लागत आसंल."

परात कशाला, ते मला कळेना. शेजाऱ्यांकडं पळाले. ओट्यावर एकटे म्हातारे आजोबा. बाकीचे सगळे गणपती घेऊन नदीवर गेलेले. असेल त्यांच्यातच, असं स्वतःला म्हणाले. पण त्या वर्षी पावसानं उघडीप दिली नव्हती. आदल्या दिवशी इंद्रायणीचं पाणी कडेच्या खाचरांत शिरलं होतं. मी बांधावरून निघाले ती चालत, मग कधी पळायला लागले कळलं नाही. एक चप्पल चिखलात रुतली, तिला तिथंच सोडलं.

अर्ध्या वाटेवर शेजारची मंडळी परत येताना भेटली. शेजारीण, तिचा नवरा आणि त्यांची मुलगी. शेजारणीच्या हातात पाट, पाटावर रीतीप्रमाणं आणलेली नदीतली मूठभर वाळू. माझी पोरगी त्यांच्यात नव्हती.

"आमची?" मी विचारलं.

"आली होती की आमच्यामागं. आरतीला होती, प्रसाद पण घेतला तिनं." शेजारीण मागं वळून बघायला लागली. "आत्ता मागंच होती गं."

तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात तिची मुलगी हळूच म्हणाली, "ती म्हणाली तुम्ही व्हा पुढं. मला आमचे आणायचेत."

परात कशाला ते आता मला कळलं.

मी धावले. मागून तो पाट चिखलात ठेवल्याचा आवाज आला आणि तेही धावले. वाटेत मला देव आठवला नाही, धम्म आठवला नाही, पुस्तकातलं एक अक्षर आठवलं नाही. फक्त "जा, हात धू" एवढंच डोक्यात आपटत राहिलं.

नदीच्या पायऱ्यांवर पाणी चढलं होतं. पोरगी गुडघाभर पाण्यात उभी होती, आमची परात छातीशी धरून. तिच्यापुढं पाणी लाल होतं, फांद्या ओढून नेत होतं. ती नदीला हाका मारत होती, "या ना आता! लई दिवस झाले!"

"बाळा," मी म्हणाले. ओरडले असते तर दचकून घसरली असती. "ये बघू इकडं."

"कुणीच येत नाही, आई."

मी एक पायरी उतरले. ती एक पायरी खाली गेली. "तू येऊ नको! तू मला घरी नेशील."

शेजारणीचा नवरा मागून पुटपुटला, "वहिनी, तिला बोलण्यात ठेवा. मी खालच्या अंगानं येतो." तो झुडपांत शिरला. आता बोलायचं. "परात जड झाली असेल, दे इकडं," मी म्हणाले.

"त्यांना बोलावलं की येतात, ह्या काकूनं सांगितलंय," पोरगी म्हणाली. "आपल्याकडं कुणी बोलावलंच नाही. आता तू बोलव. तू मोठी आहेस."

आणि मी बोलावलं. विहारात देव नाही म्हणून ठणकावून सांगणारी मी, शेजारणीदेखत, एका पायातल्या चपलेवर उभी राहून, हात जोडून ओरडले, "या हो, या! घरी चला!"

"असं नाही," पोरगी म्हणाली. "नावानं बोलव."

मला नावंच माहीत नव्हती.

परातीवर पाण्याचा लोट आपटला आणि पोरगी डोलली. मी आत उडी घ्यायच्या बेतात होते. पोहता मला येत नाही. तेव्हा मागून आवाज आला, "त्यांस्नी बोलावू नगंस, बाय. त्ये यायचे न्हाईत."

आत्या. लुगडं वर खोचलेलं, चिखलानं माखलेल्या, धापा टाकत वरच्या पायरीवर बसलेल्या.

"का?" पोरीनं विचारलं.

"त्ये आपल्या घरात ऱ्हात व्हते. पन त्यांच्या घरात आपल्याला जाता येत न्हवतं."

"त्यांचं घर कुठलं?"

"देऊळ. गावातलं. आमी लांबनं हात जोडायचो. पायरीला शिवायचं न्हाई."

"कोण नाही म्हणायचं?"

आत्यांनी शेजारणीकडं बघितलं नाही. "गाव नगं म्हनायचं."

"आणि देव काय म्हणायचे?"

"देव? काय न्हाई. गप बसायचे."

पोरीनं यावर विचार केला. पाण्यात उभं राहून, नीट विचार केला.

"मग तुम्ही भांडलात?"

"भांडलो न्हाई. म्हनलं, तुमी तुमच्या वाटंनं जावा, आमी आमच्या. ह्या हातानं सोडलं म्या. परत या म्हनलो न्हाई."

"तू रडलीस?"

"वाईच रडले. त्यातला एक टाक माज्या आयनं दिल्याला व्हता."

सात वर्षं मी त्या बाईच्या हाताखाली नांदत होते, आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं.

पोरीनं परत एकदा नदीकडं बघितलं. मग म्हणाली, "मग राहू दे त्यांना," आणि वळली. एक पायरी चढली. दुसऱ्या पायरीवर पाय घसरला, परात हातातून सुटून फिरत फिरत पाण्यात गेली, आणि त्याच क्षणी शेजारणीच्या नवऱ्यानं बाजूनं येऊन तिचं बखोट धरलं. ती माझ्या हातात आली तेव्हा मी आधी तिला एक चापट मारली, मग घट्ट धरलं.

"का मारलंस?" तिनं विचारलं. मी तिचा ओला परकर पिळायला घेतला.

परत निघालो. शेजारणीनं चिखलातला पाट उचलला, पदरानं पुसला आणि मान खाली घालून चालत राहिली. तिची मुलगी मात्र सारखी वळून आत्यांकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी भीतभीतच होते. आत्या गावाबद्दल बोलल्या, गावातल्या माणसांदेखत बोलल्या. आता पोरींची मैत्री तुटणार, कदाचित नवऱ्याचं कामही जाणार, त्यांची बंगल्यावर ओळख होती. दुपारी खाचराच्या बांधावरून शेजारीण येताना दिसली. इतक्या वर्षांत तिची मुलगी शंभरदा आली असेल, ती स्वतः कधी आमच्या दारात आली नव्हती. मी पदराला हात पुसत उठले. बसा म्हणाले, ती बसली नाही. चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली,

"ताई, आमची पोर कालपासनं एकच विचारतेय. त्यांना देवळात येऊ नका म्हणणारं गाव म्हणजे आपणच का गं, आई? आजोबा खेकसले तिच्यावर, तर जेवली नाही. मी पण काहीतरी सांगून गप्प बसवणार होते तिला, पण तुमची पोरगी पाण्यात उभी बघितल्यापासनं धीर होत नाही. आत्यांना तेवढं विचारता का, मी तिला काय सांगू?"