कोरडी करंगळी

“मेंदी थंड असते गं बाई. मला बाधते.”

भागाआत्याचं हे बोलणं मी परकराच्या वयात ऐकलेलं. गावातल्या प्रत्येक लग्नाची मेंदी तीच वाटायची. वाटण्याआधी दोन्ही हातांना करडईचं तेल चांगलं चोळायची, म्हणजे रंग धरत नाही. नवरा गेलेल्या बाईच्या हातावर मेंदी दिसायला नको, असा रिवाज होता. ते ती तोंडाने कधी बोलली नाही. मी विचारलं, तर बाधते म्हणाली. आता आत्या जाऊनही बरीच वर्षं झाली.

आज सकाळी माझ्या लेकीने, केतकीने विचारलं, “आई, तुझ्या हातावर कधी काढायची?” उद्या तिचं लग्न. तिचे बाबा मागच्या वर्षी गेले. माझ्या तोंडून आत्याचंच वाक्य निघालं. जाऊबाईंना हायसं वाटलेलं दिसलं. पाला तेवढा तुम्हीच वाटा, म्हणाल्या, तुमच्या हातचा रंग चढतो. मी हातांना तेल चोळलं आणि पाट्याशी बसले.

आता दुपार कलते आहे. केतकीपुरती मेंदी पुढे देऊन उरलेल्या मेंदीचं पातेलं उशाशी ठेवून मी मागच्या पडवीत जरा आडवी होते. ओल्या पाल्याचा वास डोळ्यांवर येतो. पुढच्या खोलीतलं बायकांचं हसणं लांब लांब जातं, विहिरीतून आल्यासारखं होतं. मग वरवंट्याचा आवाज येतो. मी तर सगळं वाटून ठेवलंय.

पाट्यापाशी भागाआत्या बसलेली आहे.

“जाडाभरडा वाटलायस, सुले,” ती म्हणते. “नवरीच्या हातावर मेंदी लावायचीय का ठेचा?”

मी म्हणते, मिक्सरपेक्षा बरा आहे. ती हसत नाही, पण ओठाची कड हलते. वाटता वाटता तिची ओवी सुरू होते.

हिरवा गं पाला, वाटिते पाट्यावरी
लाल कुठं होता, उमटे हातावरी

पडवीला भिंत नाही. आम्ही तिच्या मळ्याच्या कडेला आहोत, मेंदीच्या कुंपणाशी, पाला ओरबाडत ओटीत टाकतो आहोत. कुंपण संपतच नाही. ते एसटीत शिरतं, दोन्हीकडच्या बाकांमधून पुढे जातं. कंडक्टरचे केस तांबडे भडक आहेत. आत्या माझ्या कानाशी सांगते की याचे पांढरे लपवायला तिनेच मेंदी दिली होती, चहाच्या पाण्यात कालवून. मेला रात्रभर डोक्यावर ठेवून झोपला. कंडक्टरला ऐकू जातं. तो टोपी घालतो आणि आमचं तिकीट फाडायचं विसरतो.

एसटी थांबते ती दवाखान्याच्या त्या लांब खोलीत, जिथे आत्या गेली. खाटांच्या टोकाला नुसतीच पावलं दिसतात, भेगाळलेली, उन्हाने पोळलेली. आत्या एकेका तळव्यावर मेंदीचा गोळा थापत जाते. आग निवते तसे चादरींखालून सुस्कारे येतात. शेवटची खाट रिकामी आहे. त्या खाटेवर ती स्वतः बसते.

“तुला बाधते ना?” मी विचारते.

ती हात पुढे करते. तेलाने चमकणारे, बिनरंगाचे हात. फक्त एका करंगळीचा शेंडा लाल आहे, गुंजेएवढा.

“दर खेपेला एवढी कोरडी ठेवायचे,” ती म्हणते. “दिवसा पदरात झाकायची. निजताना वास घ्यायचा.”

“कुणाला कळलं नाही?”

“विचारणारं कोण होतं? तू विचारलंस, तर तुलाही खोटं सांगितलं.” ती बोटाकडे बघत राहते. “फार आवडायची गं मला.”

मग माझा हात मांडीवर घेऊन ती माझ्या करंगळीवरचं तेल पुसते, पोराचं नाक पुसावं तसं, पदराच्या टोकाने. मी म्हणते, जाऊबाई बघतील.

“बघू देत. मी जन्मभर कुणाला बघू दिलं नाही, मला काय मिळालं?”

ऊन भिंतीवर चढलंय. पडवीत मी एकटी आहे. माझा हात पातेल्याच्या काठावरून आत पडलाय, बोटांना मेंदी लागून वाळलीय. मी ती खरवडते. बाकीची बोटं तेलाने वाचली आहेत, कोरी निघतात. करंगळीचा शेंडा केशरी झालाय. तिथलं तेल कसं पुसलं गेलं, मला माहीत नाही. उद्यापर्यंत तो लाल होईल.

मी पुढच्या खोलीत जाते. बायकांच्या मधोमध केतकी बसली आहे, भरलेले हात हवेत धरून. जाऊबाईंची नजर माझ्या बोटावर पडते आणि त्यांचं बोलणं अर्ध्यात राहतं. माझा हात सवयीने पदराकडे जातो. मी तो परत आणते, लेकीशेजारी बसते आणि तळवा उघडा करून मांडीवर ठेवते.

“केतकी,” मी म्हणते, “सकाळी मी खोटं बोलले. मेंदी मला बाधत नाही. मला हवी आहे.”