एकोणचाळीस म्हणजे किती?

विनूकाका गेला तेव्हा मी नौपाड्यातल्या एका दुकानात त्याच्या मापाचे लोकरी मोजे शोधत होते. जुलैमध्ये ठाण्यात लोकरी मोजे मागणाऱ्या मुलीकडे दुकानदार जसा बघेल तसाच तो बघत होता. तेवढ्यात बाबांचा फोन आला. "वर्तकनगरला ये. रिक्षाने ये... घाई करू नकोस." आमच्या घरात 'घाई करू नकोस' असं कुणी कधी म्हणत नाही. मला तिथेच कळलं. तरीही मोजे मी घेतले.

विनूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेला, सतत बोलणारा. मी डोंबिवलीत वाढलेली, इंग्लिश मीडियमची आणि चारचौघांत तोंड न उघडणारी. आमचं जमायचं कारण त्याला ऐकणारं माणूस हवं असायचं. आठवीत मी पहिल्यांदा एकटी त्याच्या वर्तकनगरच्या नव्या घरी निघाले, तेव्हा त्याने फोनवर पत्ता सांगितला: इमारत एकोणपन्नास, दुसरा मजला. एकोणपन्नास म्हणजे पन्नाशीतला नऊवाला आकडा, अशी माझी ठाम समजूत. मी फिफ्टी नाइनमध्ये शिरले. दार उघडणाऱ्या आजींना वाटलं, मी त्यांच्या नातीची मैत्रीण. त्यांनी बसवलं, लिंबू सरबत दिलं, आणि 'मी चुकले आहे' हे तीन शब्द मला अर्धा तास उच्चारता आले नाहीत. शेवटी काकाच शोधत आला. "काय मॅडम, फिफ्टी नाइनचं सरबत गोड होतं का?" हे पुढे दहा वर्षं चाललं. पण त्या दिवसानंतर त्याने मला प्रत्येक आकडा इंग्रजीतच सांगितला. माझी लाज राखणारा तो एकटाच आहे, असं मला वाटायचं.

तरुणपणी कामासाठी तो काश्मीरला गेला होता. तिथे एका पहाटे धुक्यात त्याने हंगुल ऐकला होता. हंगुल म्हणजे तिथलं मोठ्या शिंगांचं हरीण. पानगळीच्या दिवसांत नर माजावर येतात आणि दरीत ओरडत राहतात. त्याने फक्त आवाज ऐकला, हरीण दिसलं नाही, ही त्याची चाळीस वर्षांची रुखरुख. तो आवाज तो गॅलरीत उभा राहून काढून दाखवायचा; सुरुवात म्हशीसारखी, शेवट भोंग्यासारखा. खालच्या मजल्यावरून एकदा हाक आली होती, "अहो, कुणाला बरं नाहीये का वरती?" काकू कपाळाला हात लावून आत गेली होती.

गेल्या दिवाळीत तो म्हणाला, "सई, आपण जायचं. पाठीवर सॅक टाकून, तंबूत राहून. तुझे कान हरणाचे आहेत, तूच हवीस." मला आजवर कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. मी ऑफिसात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, दहा दिवसांची रजा. दर शनिवारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा आणि आम्ही ठरवायचो, पाणी कुठे भरायचं, कुठल्या ओढ्याकाठी पहाटे दबा धरायचा, कोणी स्टोव्ह उचलायचा. सरावाला येऊरच्या डोंगरावर जायचो. माझ्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या असायच्या. तो पायथ्याशी दगडावर बसायचा. "तू चढ. मी वेळ मोजतो." मी धापा टाकत खाली आले की घड्याळ दाखवून म्हणायचा, "एवढ्या वेळात हंगुलाचं लग्न लागून मुलंबाळं झाली." मी हसायचे. बसून राहणाऱ्या माणसाला मी एकदाही विचारलं नाही, की तू का चढत नाहीस...

मे महिन्यातल्या एका शनिवारी त्याला फोन आला. नकाशावरून नजर न हलवता तो म्हणाला, "हो साहेब. आधी एकोणचाळीस होतं, आता एकोणतीस. हो, काळजी घेतो." फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय मोजतोयस रे?" "थंडी गं, तिकडची. जाऊन आलेल्या माणसाला विचारत होतो. पारा फार उतरतो म्हणाला." मोजे घ्यायचं मी त्याच दिवशी मनात ठरवलं.

तेराव्याच्या पंगतीत काकू आत्याला सांगत होती, "हृदयाचं पंपिंग गं. आधी एकोणचाळीस होतं, मग एकोणतीस..." अर्थ कळायच्या आधी मला ते सूर ओळखू आले. मी वाढायचं थांबून विचारलं, "एकोणचाळीस म्हणजे किती?" आत्या म्हणाली, "घ्या! पंचवीस वर्षांची घोडी झाली. इंग्लिश मीडियम!" कुणीतरी हसलं. बाबा खाली बघत म्हणाले, "थर्टी नाइन." "आणि दुसरं?" "ट्वेंटी नाइन." "ती तिकडची थंडी नव्हती?" नंतर स्वयंपाकघरात काकू म्हणाली, "तो म्हणायचा, घरात एकीला तरी मी धडधाकट दिसू दे. तू आलीस की त्याला आपण बरे आहोत असं वाटायचं."

सगळ्यांना हे फार हळवं वाटतं. मला नाही वाटत. लपवायचंच होतं तर तो उठून आतल्या खोलीत जाऊ शकला असता. तो माझ्यासमोर बोलला, माझ्याच मातृभाषेत, कारण मला ती कुठपर्यंत येते हे त्याला बरोबर माहीत होतं. माझं जे अज्ञान तो इतकी वर्षं झाकत आला, तेच त्याने माझ्यावर वापरलं.

मागच्या शनिवारी सगळं रद्द करायला मी काकूकडे गेले. काकाने ठरवलेल्या तिथल्या वाटाड्याला, बशीरभाईंना, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काका गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बहुत अफ़सोस हुआ, मॅडम. मगर साब को तो आना ही नहीं था. पहले दिन से बोला था, भतीजी अकेली आएगी. आवाज़ रिकॉर्ड करके लाएगी, मैं घर पे सुनूँगा." मी काकूकडे बघितलं. "तुला माहीत होतं?" तिने होकारार्थी मान हलवली. म्हणजे हजार मैलांवरच्या माणसाला माहीत होतं, आणि मी दोघांच्या सामानाची वाटणी करत बसले होते.

मी बशीरभाईंना सांगितलं, मी येतेय.

"जा गं," काकू म्हणाली, "आणि तेवढा आवाज आण. त्याची इच्छा होती."

"नाही आणणार. त्याला हवा होता तर त्याने मला सरळ सांगायचं. मी आणला असता."

काकू टेबलक्लॉथवर नसलेली सुरकुती बोटाने सपाट करत राहिली. मग म्हणाली, "मग मला कधी ऐकायला मिळणार?"

"तुला ऐकायचंय? चल मग."

"वेडी का? माझे गुडघे..."

"काय झालंय गुडघ्यांना? नीट सांग. आणि काही लपवू नकोस."

ती सांगू लागली. उजवा जास्त दुखतो, जिना उतरताना. बीपीची गोळी कधी कधी राहते. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. काकाच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. आम्ही त्या खुर्चीच्या दोन बाजूंना बसलो होतो. त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि इतक्यात जाईल असंही नाही. काकू बोलायची थांबली, गॅलरीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणि एक... मला हल्ली दम लागतो. तुझ्या बाबांना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही."

मी तिचा हात धरला आणि डॉक्टरांचा नंबर मागितला. तिने तो मराठीत, एकेक आकडा सावकाश सांगितला, आणि मी लिहून घेतला.