घासलेल्या पट्ट्या

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं घर. त्याच्या पडवीत मी तांब्याच्या पट्ट्या टांगल्या होत्या, आरशासारख्या गुळगुळीत, मुंबईच्या प्रयोगशाळेतून सरांकडून मागून आणलेल्या. पावसाळाभर दमट हवेने आणि चुलीच्या धुराने त्यांच्यावर एक पातळ थर धरायचा होता. सरांच्या सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण अशा पट्टीवर सोडायचे. परत येताना त्यांतले काही थरातच अडकतात, आणि किती अडकले यावरून थराची जाडी काढता येते. ती जाडी मिळाली तर सर मला पुढे प्रयोगशाळेत ठेवून घेणार होते. नाही तर वडिलांनी महाडचं स्थळ पाहून ठेवलं होतं. "एवढा पावसाळा तुझा," ते म्हणाले होते.

हे सारं घरात समजावून सांगणं मला जमलं नाही. माझी शाळा इंग्रजी, आणि घर सांभाळणाऱ्या काकूपुढे तर मराठी शब्दच सापडत नसत. हात लावू नका, एवढंच सांगितलं. काकूने ते कसोशीने पाळलं. वारा सुटला की ती दोऱ्या बघून यायची. पोरीने पडवीला तोरण बांधलंय, असं हसणाऱ्या शेजारणींनाही तिने लांब बसवलं.

भाद्रपद सरताना मी मुंबईहून पट्ट्या न्यायला गेले. पट्ट्यांवर तपकिरी, कुठे जांभळट झाक आली होती. अगदी हवी तशी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघायचं होतं. अंघोळ करून आले, तर सगळ्या पट्ट्या सुपात, लखलखीत. शेजारी चिंच आणि राख.

"परक्याची वस्तू हाय ना गो," काकू म्हणाली. "अशी काळी कशी परत करायची? तुझ्या सरांना वाटंल, घरात बायमाणूस नाय."

आमच्याकडे मागून आणलेलं पातेलं घासल्याशिवाय परत जात नाही. मी बरं म्हटलं आणि पट्ट्या फडक्यात गुंडाळल्या.

सरांनी तरीही एक लावून पाहिली. आलेखावर तेलाची तेवढी खूण उमटली, काकूच्या हाताला लागलेल्या खोबरेलाची. सर चिडले नाहीत. पुढचा पावसाळा धरू, म्हणाले. तो माझ्याकडे नव्हता.

महाडच्या या घरात तांब्याची भांडी पुष्कळ आहेत. चिंच फिरली की आधी जांभळट झाक जाते, मग तपकिरी, मग खालचं तांबं उघडं पडतं. सासूबाई म्हणतात, सूनबाईचा हात चांगला आहे.