राखून ठेवलेला निकाल

‘दुसरी बाजू ऐकलीत का?’ चष्मा दोन बोटांनी नाकावर ढकलत जज्जसाहेब विचारायचे. तुम्ही कुणाचीही तक्रार करा. वॉचमनची करा, घरमालकाची करा, स्वतःच्या बॉसची करा. मी एकदा दुबईतल्या आमच्या अल बर्शा भागातल्या उकाड्याबद्दल कुरकुरलो, तेव्हाही ते क्षणभर थांबले होते. ऊन हजर नव्हतं म्हणून मी सुटलो.

ते आमच्याच मजल्यावर मुलाकडे यायचे, व्हिजिट व्हिसावर. महाराष्ट्रात जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले. आधी कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा, अशी आपली चढण ते लिफ्टच्या दोन फेऱ्यांत सांगून संपवत. दर तीन वर्षांनी बदली, एकूण नऊ गावं. एकाही गावात कुणाच्या घरी चहा घेतला नाही, कारण आज चहा देणारा उद्या आपल्यासमोर उभा राहू शकतो. नऊ गावांत मिळून त्यांना एकही मित्र नव्हता, आणि हे ते बढतीसारखं सांगायचे.

दुबईत त्यांच्यासमोर कुणी उभं राहण्याची शक्यता शून्य. तरी माझ्या बायकोने विचारलेला चहा ते दारातूनच नाकारायचे. त्यांची पत्नी हयात असताना त्या बिचाऱ्या नऊ गावांत काय करत असतील, असा विचार माझ्या मनात यायचा. त्याचं उत्तर पुढे त्यांच्या नातीने दिलं, तेही स्टेजवरून.

आता आमच्या मंडळाविषयी. मराठी माणूस परदेशी गेला की आधी मंडळ काढतो आणि मग ते फोडतो. आमचं फुटायला दोन वर्षं लागली, यावरून आमची एकजूट लक्षात यावी. मी त्याचा सेक्रेटरी. मुलांची कथाकथन स्पर्धा होती. अबुधाबीहून येणारे परीक्षक त्याच सकाळी येत नाही म्हणाले, कारण त्यांना फुटून निघालेल्या मंडळाने जास्त आग्रहाने बोलावलं होतं. मी धावत जज्जसाहेबांकडे गेलो.

‘किती प्रकरणं आहेत?’ त्यांनी विचारलं.

‘चौदा मुलं आहेत, साहेब.’

‘त्यात माझी नात आहे. तिची तयारी मीच करून घेतलीय. मला बसता येणार नाही.’

‘अहो, चालतं. इथे सगळेच कुणाचे ना कुणाचे आहेत. यल्ला, चला.’

एरवी ते हलले नसते. पण निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत कुणी त्यांना खुर्ची देऊ केली नव्हती. ते आत गेले आणि काळा कोट घालून बाहेर आले. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता.

मुलं बोलली. बहुतेकांचं मराठी आयांनी इंग्रजी अक्षरांत लिहून दिलेलं होतं. नऊ वर्षांची नात मात्र स्वतःची गोष्ट घेऊन आली होती. तिची आजी नवऱ्याचा नियम मोडून, प्रत्येक गावात मागच्या दाराने शेजारणीकडे चहाला जायची, ती गोष्ट. आजीने ती फक्त नातीला सांगितली होती. जज्जसाहेबांना ती नातीचे उच्चार सुधारताना कळली. हॉल आधी हसला, मग पुढे सरकून ऐकू लागला. पहिला नंबर कुणाचा, हे समोसे वाटणाऱ्यालासुद्धा कळलं.

जज्जसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, ‘निकाल राखून ठेवत आहे.’

बक्षिसं टेबलावर तशीच राहिली. चार दिवसांनी सात पानांचा निकाल माझ्याकडे आला, सकारण. पहिला नंबर मंडळाच्या खजिनदाराच्या मुलाला. नातीच्या नावापुढे एकच ओळ: ‘नातेसंबंधामुळे विचारात घेतलेले नाही.’

‘यू कुड हॅव जस्ट सेड नो टु देम, आजोबा,’ ती म्हणाली आणि तिने त्यांच्याशी बोलणं बंद केलं. नऊ वर्षांच्या मुलीने एका वाक्यात जे पकडलं, ते सात पानांत कुठेच नव्हतं. नात की खुर्ची, असा प्रश्न होता आणि त्यांनी खुर्ची घेतली होती. ती पुढे करणारा मी होतो, हे मी त्या वेळी कुणाला आठवू दिलं नाही.

आठवड्याने ते माझ्याकडे आले. ‘हा निकाल चुकलाय. मी बसायलाच नको होतं. तो रद्द करा.’

खजिनदाराला दुखवलं असतं तर मंडळ दुसऱ्यांदा फुटलं असतं. ‘बघू, इन्शाल्ला,’ मी म्हणालो. इथे राहणाऱ्या कुणालाही त्याचा अर्थ कळतो: होणार नाही. ते बिचारे चार दिवस वाट बघत राहिले.

मग त्यांनी जे केलं ते मजल्यावरच्या कुणाला खरं वाटलं नाही. त्यांनी घरोघरी जाऊन बेल वाजवली. ‘रविवारी संध्याकाळी नातीची गोष्ट ऐकायला या. मी आजोबा म्हणून बोलावतोय.’ माझ्या बायकोने सवयीने चहा विचारला. ते आत येऊन बसले आणि पूर्ण कप प्यायले.

रविवारी आम्ही अकरा जण त्यांच्या हॉलमध्ये जमलो. नात खोलीचं दार लावून बसली होती. आईने हाका मारल्या, बाप रागावला. शेवटी जज्जसाहेब स्वतःच उभे राहून गोष्ट सांगू लागले, निकालपत्र वाचावं तशी. ‘आजी माझी परवानगी घेऊन मागच्या दाराने...’

‘नो, आजोबा. विदाउट परमिशन,’ आतून आवाज आला.

‘बरोबर. परवानगीशिवाय. पुढे?’

पुढची सगळी गोष्ट तिने बंद दाराआडून सांगितली. आम्ही अकरा मोठी माणसं एका दाराकडे बघत बसलो होतो. ती थांबली तेव्हा ते दाराजवळ गेले आणि म्हणाले, ‘पहिला नंबर. मी चुकलो, बाळा.’ दार उघडलं नाही. दोन दिवसांनी, ती शाळेत असताना, त्यांचं विमान गेलं.

जूनमध्ये पुण्यात ते झोपेतच गेले. मंडळाने दोन मिनिटं शांतता पाळली. आमच्या मंडळात एवढी शांतता फक्त अशाच वेळी होते.

परवा लिफ्टमध्ये नात भेटली. एरवी मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. ‘शाळा काय म्हणते?’ मी विचारलं. ती मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणाली,

‘मी दार उघडायला पाहिजे होतं, काका.’

‘तुझा राग गेला होता, हे त्यांना कळलं होतं गं,’ मी म्हणालो. माझ्याकडे पुरावा काही नव्हता.