मास्कखालचे ओठ
गरम तेलाचा वास आला की यंत्रमागाचा कारखाना आठवतो. तिथल्या खडखडाटात आम्ही बायका आवाज न काढता ओठांनीच बोलायचो. माझी लेक डबा घेऊन यायची आणि इंग्रजीतली अनेकवचनंही तशीच म्हणून दाखवायची: क्रायसिस, क्रायसीज, बॅक्टेरियम, बॅक्टेरिया. “आई, लॅटिन-ग्रीकच्या शब्दांना नुसता एस लावून भागत न्हाय.” चौथी शिकलेल्या मला ते तिच्या ओठांवरूनच पाठ झाले. मग ती तापानं दवाखान्यात पडली. ऑक्सिजनच्या पारदर्शक मास्कखाली तिचे ओठ हलले. “मावशी, पाणी मागती का बघा की,” नर्सबाई म्हणाल्या. “न्हाय बाई, धडा म्हणतीया.” बॅक्टेरियमवर ती थांबली. पुढचा शब्द मी सवयीनं ओठांनीच सांगितला. तिचे डोळे मिटलेले होते. ते पुन्हा उघडले नाहीत. आता घरात एकटी असले की मी तो शब्द मोठ्यानं म्हणते.