तीन घरांचा एक इन्व्हर्टर

घरी इन्व्हर्टर घेताना दुकानदार विचारतो, यावर काय काय चालवणार? तुम्ही खरं सांगितलं होतं का?

मी नव्हतं सांगितलं. आणि हे आजवर कुणालाच माहीत नाही. घरच्यांना नाही, ज्यांच्यासोबत मी मोर्च्यात चालतो त्यांनाही नाही. एरवी मी लिहायला बसतो तो दुसऱ्यांचे गुन्हे लिहायला. ते भराभर लिहून होतात. हे होत नाही.

मी पत्रकांवर वाढलो. वडील सभांमधून उरलेली पत्रकं घरी आणायचे, आई ती फडताळात डब्यांखाली अंथरायची, आणि मी डबे सरकवून वाचायचो. मोठेपणी मीच पत्रकं लिहू लागलो. छापायला कुणाची मिनतवारी नको म्हणून एक जुना लेझर प्रिंटर आणून माझ्या खोलीत ठेवला.

आमची गल्ली शहाद्याजवळच्या लोणखेड्याची. शेजारी नाना. पपईचे बागायतदार, वडिलांपेक्षाही वयाने मोठे. त्यांच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत रेमतीबाई पावरा भाड्याने राहायची. डोंगरातल्या काठी गावाकडून खाली आलेली, आदिवासी, विधवा, पपईच्या पॅकिंगला जाणारी. त्या उन्हाळ्यात तिची मुलगी रमिला बाळंतपणाला आली होती. सिझर झालेलं. पत्र्याखाली ती, तान्हं बाळ आणि एक पंखा. आणि लाइट जायची नेमकी दुपारी.

नाना स्वतःपुरता इन्व्हर्टर घेणार होते. मी आडवा आलो. म्हटलं, एकट्याच्या घरात वारा कशाला? तीन घरांत एक घेऊ, वाटा सारखा, प्रत्येक घराला एक पंखा आणि एक बल्ब. मशीन नानांच्या ओसरीवर, तिथून दोन्हीकडे वायर. नाना हसले. "तुन्हं पत्रक आते मन्हा ओटावर लागनं का, भाऊ?" पण तयार झाले. सगळ्यांत आधी वाटा आणून दिला तो रेमतीबाईने.

दुकानात नाना आणि मी गेलो. दुकानदार मोठं मशीन आणि दोन बॅटऱ्या घ्या म्हणत होता. मी त्याला गरज आणि हाव यांतला फरक समजावला — हो, दुकानात उभं राहून. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काय चालवशात ते आत्तेच सांगा. नंतर मन्हा नावनी बोंब नको."

तीन पंखे, तीन बल्ब, मी म्हणालो. बाकी काही? काही नाही.

प्रिंटर डोक्यात नव्हता का? होता. तो सांगितला असता तर मोठं मशीन घ्यावं लागलं असतं, आणि समान वाट्याची माझी योजना माझ्यामुळेच मोडली असती. म्हणून एक बॅटरी आणि लहान मशीन घेऊन आम्ही परतलो. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. नाना गल्लीतल्या लोकांना ओसरीवर बोलावून मशीन दाखवायचे.

मग एका दुपारी लाइट गेलेली असताना मी इन्व्हर्टरच्या वायरवर प्रिंटर लावला. दोन पानं निघाली, आणि ओसरीवरचं मशीन टी-टी करत बंद पडलं. लेझर प्रिंटर तापायला किती वीज खेचतो हे तुम्हाला माहीत नसेल. मला माहीत होतं. तिन्ही पंखे थांबले. नानांनी उठून बटण दाबलं, पंखे फिरले. मी थांबलो का? सभा जवळ आली होती. मी थोडी थोडी पानं काढू लागलो. दर वेळी टी-टी, आणि दर वेळी पत्र्याच्या खोलीतून बाळाचं रडणं. माझ्या खोलीची आणि त्या खोलीची भिंत एकच आहे. मला ऐकू यायचं.

पत्रक कशावर होतं? डोंगरातल्या पाड्यांना वीज मिळावी, यावर.

असं रोज होऊ लागलं तेव्हा नाना कारण शोधायला लागले. रेमतीबाईच्या खोलीत त्यांना कॉईलची शेगडी सापडली, बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायची. एवढं पुरलं. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर माणसं जमली. रेमतीबाई म्हणाली, शेगडी लाइट असतानाच लावते. कुणीतरी म्हणालं, डोंगरातल्यांना विजेचं काय कळतं. ती नानांशी बोललीच नाही, माझ्याकडे वळली.

"दादा, मशीन वाजते तेव्हा मी पपईच्या गाडीवर असते. शेगडी कोण लावेल? ही पोरगी? हिला उठता येत नाही."

याहून साफ पुरावा कोणता असतो? नानांनीही मलाच विचारलं. "तूच सांग भाऊ. तुले यामातलं समजस. शेगडीमुयेच व्हयनं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "शेगडी खूप करंट खेचते, हे खरं आहे."

ते खरंच होतं. खोटं बोलायला मी खरं वाक्य निवडलं. नानांनी पक्कड मागवली आणि मशीनपासून तिच्या खोलीकडे जाणारी वायर तोडली. तिचा वाटा परत द्यावा असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. रमिला आतून उंबऱ्यापर्यंत आली होती, भिंतीला धरून. तशीच भिंत धरून परत आत गेली.

त्यानंतर मी दुपारचं छापणं बंद केलं. भीतीने. आणि मशीन पुन्हा कधी वाजलं नाही. याचा अर्थ गल्लीने काय घेतला असेल? बघा, म्हणाले, वायर तोडली आणि कटकट गेली. माझी सावधगिरी तिच्याविरुद्धचा पुरावा झाली.

बाळाचं अंग घामोळ्यांनी भरलं. रेमतीबाई पॅकिंगचा हंगाम अर्धा टाकून मुलीला आणि नातवाला घेऊन वर निघून गेली. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी खिडकीत होतो. बाहेर गेलो नाही.

ती पुन्हा इकडे कामाला आली नाही. नानांनी त्या खोलीत नवा भाडेकरू ठेवला. त्याला खोली देताना त्यांनी शेगडीची गोष्ट सांगितली. मग ती बॅटरीच्या दुकानात पोचली, तिथून बाजारात. इन्व्हर्टर घ्यायला आलेल्यांना आज ती गंमत म्हणून सांगतात — एक पावरीण होती, फुकटच्या करंटवर शेगडी लावायची. मी स्वतः तिथे उभा राहून ऐकलीय. लोक हसले. मी खाली बघून दुकानाबाहेर पडलो.

वर्षानुवर्षं ज्या लोकांच्या बाजूने लिहिलं, त्यांच्यातल्या एका बाईच्या बाजूने ओट्यावर एक शब्द बोललो नाही. याला भित्रेपणा म्हणतात. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

हे पान मी नानांच्या हातात देणार आहे, आणि काठीकडे जाऊन तिला तोंडाने सांगणार आहे. पण गोष्ट माझ्यापेक्षा लांब गेलीय. म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. शहाद्यात, धानोऱ्यात, कुठेही कुणी ही शेगडीची गोष्ट सांगायला लागला, तर त्याला मध्येच थांबवा. म्हणा, शेगडी नव्हती, प्रिंटर होता. आणि कुणाचा म्हणून विचारलं तर माझं नाव घ्या — हर्षल, लोणखेड्याचा, पत्रकं लिहिणारा.