त्या संध्याकाळी मी चौकीत गेले होते

"ओ मावशी, फ्रेममध्ये येताय तुम्ही. मागे व्हा ना जरा."

गळ्यात ओळखपत्र लटकवलेली एक बाई मला म्हणाली. मी मागे झाले. मागे खुर्ची होती, तिला अडखळले. कोणीतरी हसलं.

समोर हळदीचा मांडव घातला होता. केळीचे खुंट, आंब्याची पानं, पिवळं पाणी. शेजारच्या गावातल्या बायका रोजंदारीवर बसवलेल्या. मधोमध एक उंच, गोरी बाई. आमच्यासारखं गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, हातात ग्लास, डीजेवर नाचणारी. मागून एक छोटी मुलगी येते, तिचा पदर ओढते. बाई पोरीचा हात झटकते, ग्लास तोंडाला लावते. "कट!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती बाई म्हणजे मी. ती मुलगी म्हणजे माझी मुलगी.

टीव्हीवरच्या मालिकेतली, अर्थात. माझ्या मुलीच्या खुनाच्या तपासावर मालिका काढली त्यांनी. तिथे तिचं नाव परी ठेवलंय. खरं नाव मी इथे लिहिणार नाही. ते माझं आहे. मी तिला बाय म्हणायची, तेवढं पुरे.

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते. नंतर मालिकेचं सांगते, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.

आमचं गाव उमेळ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. भातशेती होती, आता तिच्यावर बिल्डिंगी आहेत. मी तुळिंजच्या बाजारात भाजी विकते. पण गावात माझी ओळख धवलारीण म्हणून. लग्नाचे विधी गाण्यातून लावणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी नंतर येतो, आधी धवलारीण. माझ्या सासूकडून मी धवले शिकले. एक नियम तिने पहिल्याच दिवशी सांगितला होता. धवला एकदा उचलला की पुरा करायचा. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. धवला मोडला तर नवरीचा संसार मोडतो असं मानतात. मीही मानायची.

त्या दिवशी गावात हळद होती. मी धवला उचललेला. बाय मागून आली, पदर ओढला.

"आये, मी पानी प्यायला जातंय."

मी गात होते. मान हलवली, हाताने जा म्हटलं. ती गेली. सात वर्षांची होती.

धवला संपला, पंगती बसल्या. आमच्याकडे हळदीला पोरं कुठेही जेवतात, कुठेही झोपतात. सगळी घरं भावकीची. पोर दिसत नाही म्हणून पंगत उठेपर्यंत कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. पंगत उठली तेव्हा विचारलं. मग घरोघर विचारलं. मग विहिरीत डोकावलो. दिवेलागणीला मी चौकीत होते.

हे वाक्य मी परत लिहिते. दिवेलागणीला मी चौकीत होते.

सोबत माझ्या दोन जावा. माझे हात हळदीचे होते. चौकीतल्या साहेबांनी आधी हात बघितले, मग तोंड.

"हळद होती ना गावात? मग असेल पोरगी कुठेतरी नाचत. तुम्ही लोक प्यायला बसायचं आणि तुमची पोरं आम्ही शोधायची?"

"साहेब, मी नाय प्यायले. मी गायला बसलेली."

"तेच ते. घरी जा. सकाळी या. सापडली तर येऊ पण नका."

शेजारचा हवालदार हसला. मी बाकावर बसून राहिले. साहेब परत म्हणाले, "ऐकू येत नाही का? घरी जा." मी उठले. मोठा माणूस जा म्हणाला की उठायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. शाळेत मास्तर, कचेरीत तलाठी, बिल्डरच्या ऑफिसात बिल्डर. सगळ्यांसमोरून आम्ही असेच उठत आलो.

सकाळी परत गेले. दहा वाजता तक्रार लिहून घेतली. वेळ सकाळची घातली. आदल्या संध्याकाळचं एक अक्षर नाही. मला तेव्हा कळलंही नाही. माझं लक्ष कागदावर नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी बाय सापडली. नव्या बिल्डिंगच्या तळातल्या टाकीत. जिथे माझ्या सासऱ्याचं भात उभं राहायचं तिथेच. मारणारा साइटचा मुकादम निघाला. आमच्याच हळदीत जेवून गेलेला. त्याला जन्मठेप झाली. लोक म्हणाले, न्याय मिळाला. मीही म्हटलं, मिळाला असेल.

पण कोर्टात डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत जिवंत होती.

मी बाकड्यावर बसले होते. शेजारी तिचा बाप. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली, ती आजतागायत खालीच आहे. संध्याकाळी ती जिवंत होती. मी चौकीत होते तेव्हा जिवंत होती. मी घरी येऊन दारात बसले तेव्हा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जिवंत होती. तिने मला हाक मारली असेल. किती वेळा मारली असेल, हा हिशेब एकदा सुरू झाला की माझ्याने थांबत नाही. मी भाजी तोलता तोलता थांबते. गिऱ्हाईक म्हणतं, अहो मावशी, लक्ष कुठेय?

त्यानंतर मी धवला गायले नाही. गावाने दोनदा विचारलं, मग दुसरी बाई बघितली. मला वाटायचं, मीच मारली तिला. एक गाणं मोडलं असतं तर पोर वाचली असती. कुणाच्या तरी मुलीचा संसार मोडू नये म्हणून मी बसून राहिले आणि माझी मुलगी गेली. हे मी वर्षानुवर्षं कोणाला बोलले नाही.

मग मालिकेची लेखिका आली. तरुण, गोड बोलणारी. वाकून नमस्कार केला. तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी खाल्ली. परत मागून घेतली. चार दिवस येत होती. फोन समोर ठेवायची आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकायची. इतकं कोणी ऐकलं नव्हतं मला. मी सगळं सांगितलं. धवल्याचं सांगितलं. हळदीला कुळाच्या देवाला ताडीचा मान असतो, ती वाटी धवलारणीच्या पुढ्यात ठेवतात, तेही सांगितलं. चौकीचं सांगितलं. पहाटेचं सांगितलं. आपल्या घरचं अन्न खाल्लेला माणूस आपलं वाईट करत नाही, असं आम्ही धरून चालतो. ही आमच्या लोकांची जुनी खोड. इंग्रजी कागद पुढे केला, तिथेही मी सही केली.

म्हणाली, "मावशी, तुमचं दुःख सगळ्यांपर्यंत पोचायला पाहिजे."

पोचलं. वाटीतली ताडी माझ्या तोंडात ओतून पोचलं.

तर मी त्या सेटवर उभी होते. मला बोलावलं होतं धवला गायला. कागदावर सही होती म्हणून आले होते. माझ्या आवाजात भरून घेणार होते. नाच संपला तसा पुढचा प्रसंग लावला. खाकी घातलेला एक देखणा नट जीपमधून उडी मारतो. दिवे लागलेले.

"आई कुठंय मुलीची?"

"शुद्धीत नाही, सर."

"मग आपण शोधू. मुलगी सापडल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही."

सापडल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. हे वाक्य मला कोणीतरी म्हणावं म्हणून मी त्या बाकावर बसले होते.

तेवढ्यात मंडपाच्या कडेला खुर्चीत बसलेला माणूस उठून माझ्याकडे आला. केस पांढरे झालेत. पण मी ओळखलं. तेच साहेब. आता निवृत्त, मालिकेचे सल्लागार. हातात चहाचा कप.

"काय ताई, ओळखलंत का?"

दिग्दर्शकही आला. चांगला माणूस, आवाज मऊ.

"मावशी, त्या दिवशीचाच धवला पाहिजे. एकदम ओरिजिनल. मागे वाजेल."

"कशाच्या मागे?"

"हाच सीन. नाचाचा."

"मी नाचत नव्हते. मी प्यायलेली पण नव्हते."

"बरोबर आहे मावशी. पण मालिका आहे ना, थोडं इकडचं तिकडे करावं लागतं."

"मंग साहेबांचं कशाला चांगलं केलंव? त्यांचं पन करा इकडचं तिकडं."

लेखिका तिथेच होती. ती मोबाइलमध्ये बघायला लागली. चार दिवस माझ्याकडे बघून रडणारी मुलगी, तिला आता माझं तोंड बघवेना.

साहेब हसले. "ताई, झालं गेलं गंगेला मिळालं. उलट तुमच्या मुलीचं नाव झालं. अख्खा महाराष्ट्र बघणार."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. मोठ्याने निघालं. रोजंदारीवरच्या बायकांनीही ऐकलं.

"साहेब, माझी बाय पहाटपावेतो जिती होती. मी दिवं लागायच्या टायमाला तुमच्याकडं आलेली. तुम्ही मना घरी धाडलंत."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. आणि शांतपणे म्हणाले, "कागदावर तसं काही नाही, ताई."

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. इतकी वर्षं मी स्वतःला कुरतडत होते, की धवल्यातून का उठले नाही. अगं बाई, धवल्यातून न उठणं हा माझा गुन्हा नव्हताच. पोर पाणी प्यायला गेली होती. पाणी प्यायला गेलेली पोर परत येते, असं धरून चालणारी कोणतीही आई गुन्हेगार नसते. मी चुकले ती चौकीत. जा म्हटल्यावर उठले, तिथे चुकले. आणि ती चूकही मला शिकवलेली होती. जा म्हणणारा मात्र चुकला नाही. त्याची चूक कागदावरच नाही. आता टीव्हीवरही नाही. उलट तिथे तो रात्रभर बॅटरी घेऊन चिखलातून फिरतोय आणि मी ओसरीवर लोळतेय.

"मी गानार नाय," मी म्हटलं.

"मावशी, सही केलीय तुम्ही," ओळखपत्रवाली म्हणाली.

"केलीय. कोर्टात न्या मना. मना कोर्ट ठाव हाय."

आणि मी चालत निघाले. कोणीतरी मागून म्हणालं, "जाऊ दे रे, दुसरी बघू." दुसरी मिळालीही. तिने नवरी पाठवणीचं गाणं हळदीत गायलं. बघणाऱ्यांना काय फरक पडतो?

मालिका लागली. मी बोळिंजला बहिणीकडे होते. तिच्या बिल्डिंगमधल्या शेजारणी संध्याकाळी येऊन बसतात. टीव्हीवर नाचाचा तो भाग लागला. एक शेजारीण, बँकेत नोकरी करणारी, कपाळाला हात लावून म्हणाली, "कसल्या एकेक आया असतात गं! अशा बायकांना देव मुलं देतो तरी कशाला?"

बहिणीने माझा गुडघा दाबला. गप्प राहा म्हणून. तिला तिथे राहायचंय, मला कळत होतं. माझा जीव असा काही फाटला की वाटलं तिथेच आडवं व्हावं. बाय गेली तेव्हा फाटला होता, त्याच जागी परत फाटला.

"ती मी," मी म्हटलं.

ती बाई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही? पण तुम्ही तर किती साध्या दिसता."

तिचा राग नाही आला मला. तिला जे दाखवलं ते तिने बघितलं. पण त्या रात्री मालिकेत पहाट दाखवलीच नाही. मालिकेतली परी संध्याकाळीच मरते. साहेब जीपमधून उडी मारतो त्याआधीच मरते. माझ्या मुलीचे बारा तास खाल्ले त्यांनी. ती भ्यालेली, तहानलेली, वाट बघत होती ते बारा तास. तेवढंच तर तिचं उरलं होतं, आणि तेच पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. सातवी शिकलेय मी, अक्षर वाईट नाही. त्या दिवशी त्या वेळी चौकीत ड्युटीवर कोण होतं, आणि माझी तक्रार का घेतली नाही, एवढे दोनच प्रश्न. मोठ्या कचेरीत नेऊन दिला. पोच मागितली. टेबलावरचा माणूस म्हणाला, "जुनी केस आहे, बाई. शिक्षा झाली. आता तर सिरियलपण आली. अजून काय पाहिजे?"

"पोच पाहिजे," मी म्हटलं.

त्याने उद्या सकाळी या म्हटलं. मी खुर्चीत बसले. दुपारी परत म्हणाला, बाई, जा आता. मी बसले. चार वाजता त्याने शिक्का मारला.

उत्तर आलं, नोंद आढळत नाही. मी वरच्या साहेबाकडे अपील केलं. त्या संध्याकाळी माझ्यासोबत चौकीत आलेल्या दोन जावांचा जबाब जोडला. आता सोमवारी बाजार बंद ठेवते आणि तिथे जाऊन बसते. तिचा बाप म्हणतो, हाती काय लागणार? काही लागणार नाही. बाय येणार नाही, एवढं मला कळतं. तरी मी जाणार. ती पहाटेपर्यंत जिवंत होती आणि तिच्या आईला एका माणसाने घरी पाठवलं, हे त्या माणसाच्या नावासकट सरकारी कागदावर लिहून घेईन. त्याशिवाय मी मरणारसुद्धा नाही.